ट्विन टर्बो आणि मालवाहू पिकअप

टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. एक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर फिरतो, दुसरा त्याच्याबरोबर फिरत बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हवा जास्त भरली की जास्त डिझेल नीट जाळता येते आणि इंजिनाचा आकार न वाढवता ताकद वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. आज भारतात विकली जाणारी जवळजवळ प्रत्येक डिझेल पिकअप टर्बोची आहे. त्यामुळे प्रश्न टर्बो असावा की नसावा हा उरलेला नाही, तो एक असावा की दोन, हा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यासारख्या भागात, जिथे पिकअप ही कापूस, सोयाबीन, सिमेंट आणि भाजीपाला वाहणारी रोजची गाडी आहे, तिथे हा प्रश्न हौसेचा नसून पोटापाण्याचा आहे.

एका टर्बोची अडचण त्याच्या आकारातच असते. लहान टर्बो थोड्या धुरावर लगेच वेग घेतो, त्यामुळे गाडी खालच्या फेऱ्यांवरच ओढू लागते. पण वरच्या फेऱ्यांवर तोच टर्बो धुराच्या वाटेतला अडथळा होतो. मोठा टर्बो वर भरपूर हवा देतो, मात्र खाली सुस्त राहतो, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करत असल्यासारखी वाटते. टर्बोचे पंखे मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या मारतात, आणि तेवढ्या वेगाला पोचायला वेळ लागणारच. दोन टर्बो बसवण्यामागचा मूळ हेतू हा पेच सोडवण्याचा आहे. ‘दोन म्हणजे दुप्पट’ असा हिशेब त्यात कुठेच नाही.

ट्विन टर्बो या एका नावाखाली प्रत्यक्षात अगदी वेगळ्या रचना येतात. सर्वांत सोपी रचना समांतर जोडणीची. दोन सारखे टर्बो, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी सिलिंडरे. व्ही आकाराच्या इंजिनात ती सोयीची पडते, कारण दोन्ही बाजूंचा धूर वेगवेगळ्या दिशांनी बाहेर पडतो आणि एका टर्बोपर्यंत आणायला लांब नळ्या लागतात. टोयोटा लँड क्रूझर २०० मालिकेतील साडेचार लिटरचे व्ही-८ डिझेल इंजिन हे याचे ओळखीचे उदाहरण. एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात मात्र या रचनेतून हाती फारसे काही लागत नाही. दोन अगदी छोट्या टर्बोंमध्ये पंख्याची कड आणि कवच यांच्यातली फट पंख्याच्या मानाने मोठी पडते, हवा निसटते आणि कार्यक्षमता घटते. पिकअपच्या चार सिलिंडरांना समांतर जोडीचा सल्ला कोणी देत असेल, तर तो बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या शोभेपुरताच धरावा.

दुसरी रचना क्रमाने चालू होणाऱ्या जोडीची. खालच्या फेऱ्यांवर एकच टर्बो काम करतो, धूर वाढला की झडप उघडून दुसरा सामील होतो. लँड क्रूझर ३०० च्या ३.३ लिटर व्ही-६ डिझेलमध्ये याच पद्धतीचा वापर आहे. पिकअपच्या जगात तिचा प्रसार कमी, म्हणून इथे तिच्यात अडकून पडण्याचे कारण नाही.

खरा विचार करावा लागतो तो तिसऱ्या रचनेचा, म्हणजे दोन टप्प्यांच्या मालिका जोडणीचा. इथे टर्बो सारखे नसतात: एक लहान, एक मोठा. इंजिनातून निघालेला धूर आधी लहान टर्बोच्या चाकावर जातो, मग मोठ्याच्या. हवा उलट क्रमाने येते. ती आधी मोठ्यात थोडी दाबली जाते आणि मग लहान टर्बो तिला आणखी दाबतो. फेऱ्या कमी असताना सगळा धूर लहान टर्बोतूनच जातो, त्यामुळे तो झटकन उठतो, मोठा नुसता हलका फिरत राहतो. फेऱ्या वाढल्या की बगलेची झडप हळूहळू उघडते, धूर थेट मोठ्याकडे वळतो आणि शेवटी लहान टर्बो जवळजवळ बाजूला पडतो. ही झडप किती उघडायची हे संगणक, म्हणजे ईसीयू, क्षणाक्षणाला ठरवतो. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये ५३५डी या मोटारीत ही व्यवस्था आणली. मर्सिडीजने २००८ मध्ये ओएम ६५१ या २.१ लिटरच्या इंजिनात तिचा वापर केला, आणि त्या इंजिनाची ई २५० सीडीआय पुढे पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जुळवली गेली. ट्विन टर्बो डिझेल महाराष्ट्रात जुळवले गेले ते असे, आलिशान मोटारीच्या बॉनेटखाली.

अमेरिकेत याच मालिका जोडणीचे एक रांगडे भावंड आहे, त्याला तिथे कंपाउंड म्हणतात. त्यात बगलेच्या झडपांची नाजूक व्यवस्था कमी, दोन्ही टर्बो बहुतेक वेळ एकामागे एक काम करतात आणि दाबांचा गुणाकार होतो: एकाने दुप्पट आणि दुसऱ्याने दुप्पट दाबली, तर हवा चौपट दाबाने सिलिंडरमध्ये जाते. फोर्डच्या ६.४ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात २००८ ते २०१० या काळात कारखान्यातूनच दोन टप्प्यांची जोडी येत असे. त्या गाड्यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी केबिन चेसिसवरून उचलून बाजूला ठेवण्याची पद्धत पडली होती. दोन टर्बोंच्या नळ्या, झडपा आणि तेलवाहिन्या एका जागेत कोंबल्या की मिस्त्रीचा हात कुठे शिरायचा, याचे हे मोठे उदाहरण आहे. डॉज रॅममधल्या कमिन्स इंजिनांवर बाहेरून कंपाउंड टर्बो बसवण्याचा तर तिथे स्वतंत्र धंदाच आहे. गंमत अशी की त्याच ५.९ लिटरच्या ‘बी’ मालिकेतील इंजिने टाटा कमिन्सने भारतात बनवली आणि ती सोळा टनी ट्रकमध्ये एका टर्बोवर वर्षानुवर्षे निमूटपणे चालली. अमेरिकेतील गरज वेगळी: मागे कित्येक टनांचा ट्रेलर, उंच डोंगर, महामार्गाचा वेग आणि त्यावर स्पर्धेची हौस. तिथली यादी उचलून इथे लावली की पहिलीच चूक होते.

या सगळ्या रचनांचा एक तगडा प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे बदलत्या भूमितीचा एकच टर्बो. त्याच्या धुराच्या बाजूला चाकाभोवती हलणारी पाती असतात. धूर कमी असताना पाती मिटत येतात, फट अरुंद होते, धुराचा वेग वाढतो आणि टर्बो लहान असल्यासारखा वागतो. धूर वाढला की पाती उघडतात आणि तोच टर्बो मोठा होतो. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० मध्ये २०११ साली आलेले १४० अश्वशक्तीचे एमहॉक इंजिन याच प्रकारच्या टर्बोवर चालत होते. आजही स्कॉर्पिओ-एन, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स यांच्यात एकच बदलता टर्बो आहे.

मग दुसऱ्या टर्बोची गरज नेमकी कुठे सुरू होते? जाहिरातीतल्या अश्वशक्तीपेक्षा याचे उत्तर एका साध्या भागाकारात चटकन सापडते: इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे ओढ, भागिले त्याचे लिटर. एका लिटरमागे किती न्यूटन-मीटर ओढ काढली जाते, यावरून सिलिंडरमध्ये किती हवा दाबून भरावी लागत असेल याचा अंदाज येतो.

बोलेरो पिकअपचे २,५२३ घनसेंटिमीटरचे इंजिन २०० न्यूटन-मीटर देते, म्हणजे लिटरमागे ७९. टाटा योद्धाचे २.२ लिटरचे इंजिन २५० देते, म्हणजे सुमारे ११५. व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे इंजिन ३६० देते, ते १९० पर्यंत जाते. हायलक्सचे २.८ लिटर इंजिन ऑटोमॅटिक गिअरसह ५०० देते, ते १८१ भरते. या चारही गाड्यांत एकच टर्बो आहे. आता दुसरी बाजू. निसान नवाराचे २.३ लिटर इंजिन एका टर्बोवर ४०३ देई, लिटरमागे १७५. तेच दोन टर्बोंवर ४५० देई, म्हणजे १९६. फोक्सवॅगन अमारोकच्या दोन लिटर बाय-टर्बोचे १८० अश्वशक्तीचे रूप ४२० देई, ते २१३ होते. फोर्ड रेंजर रॅप्टरचे दोन लिटरचे जोड टर्बो इंजिन ५०० देते, म्हणजे २५०. भारतात विकल्या गेलेल्या एमजी ग्लॉस्टरने तर दोन्ही रूपे शेजारी ठेवली: दोन लिटरचे तेच इंजिन एका टर्बोवर ३७३.५ न्यूटन-मीटर आणि दोन टर्बोंवर ४७८.५. लिटरमागे पहिले १८७, दुसरे २४०.

हे आकडे एका रांगेत ठेवले की सीमारेषा आपोआप दिसते. लिटरमागे १९० च्या आसपासपर्यंत एकच बदलता टर्बो काम निभावतो. त्याच्या थोडे वर दोन्ही मार्ग चालतात, आणि २१०-२२० च्या पुढे दुसऱ्या टर्बोशिवाय खालच्या फेऱ्यांवरची ओढ व वरची ताकद एकत्र मिळणे अवघड होते. ही रेषा कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, तंत्र सुधारले की ती सरकते. पण ७९ आणि १९० यांच्यातले अंतर इतके मोठे आहे, की आपल्याकडच्या मालवाहू पिकअपला दुसऱ्या टर्बोची गरज आहे असे म्हणायला यंत्रशास्त्राचा आधार उरत नाही. आणखी एक गोष्ट याच आकड्यांत आहे. हायलक्सची ओढ आणि रॅप्टरची ओढ सारखीच, ५०० न्यूटन-मीटर. एकाने ती २.८ लिटर आणि एका टर्बोने साधली, दुसऱ्याने दोन लिटर आणि दोन टर्बोंनी. युरोपात इंजिनाच्या आकारावर आणि धुरावर जो दबाव असतो, त्यातून दुसरा मार्ग निघाला. ज्याला गाडी दहा वर्षे वापरून पुढे विकायची आहे, त्याच्यासाठी पहिला मार्ग बहुधा शहाणपणाचा.

हवेचा हिशेबही हेच सांगतो. बोलेरो पिकअपच्या आकाराचे इंजिन ३,२०० फेऱ्यांवर मिनिटाला अंदाजे ३,६०० लिटर हवा आत ओढते. ७६ अश्वशक्तीसाठी धूर काळा न होता डिझेल जाळायचे, तर मिनिटाला साधारण पाच किलो हवा हवी. तेवढी हवा त्या जागेत बसवायला ती वातावरणाच्या सुमारे १.४ पट दाबाने भरली की भागते. समजा, याच इंजिनातून दुप्पट, म्हणजे १५० अश्वशक्ती काढायची झाली, तरी अडीच पटीच्या आसपास दाब पुरतो, आणि हा दाब एक चांगला आधुनिक टर्बो देऊ शकतो. दोन टप्प्यांची खरी गरज साडेतीन-चार पटींच्या पुढे लागते. शिवाय मालवाहू इंजिनाचा कामाचा पट्टा अरुंद आहे, १,४०० ते ३,२०० फेऱ्या. जास्तीत जास्त आणि कमीत कमी हवेत सव्वादोन पटींचाच फरक. इतका फरक नीट निवडलेला एक टर्बो सहज सांभाळतो.

आता केळापूरची वाट पाहू. तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, म्हणजे जुन्या सात नंबरवर आहे. उत्तरेला नागपूर, दक्षिणेला पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडली की तेलंगणातले आदिलाबाद. रस्ता चौपदरी, जमीन सपाट ते किंचित उताराची, उंची समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या मागेपुढे. यवतमाळच्या पठाराकडे जाताना चढ लागतात, पण तेही हिमालयाचे नव्हेत. टर्बोचा मोठा गुण म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेची भरपाई करणे. तो गुण इथे वापरायला मिळत नाही. लडाखसाठी केलेला युक्तिवाद विदर्भात लागू पडत नाही.

मालासकट तीन टन वजनाची पिकअप चार टक्के चढावर ताशी ६० किलोमीटरने चढवायची, तर इंजिनाला साधारण ५० अश्वशक्ती द्यावी लागते. सपाट रस्त्यावर ताशी ८० ला, माल फाळक्याच्या आत असेल तर ३५ ते ४० पुरते. आता हौद्याच्या वर बांधून उंच केलेला सैल कापूस धरू. वजन परवान्याच्या आत असूनही समोरचा पसारा वाढतो आणि हवा अडते. त्याच ८० च्या वेगाला ६० अश्वशक्तीपर्यंत मागणी जाते. म्हणजे जिनिंगकडे कापूस नेणारी गाडी ‘ओढत नाही’ असे चालक म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो वाऱ्याशी झगडत असतो. वेग ८० वरून ६५ वर आणला की हवेचा विरोध जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो, ताडपत्री घट्ट बांधली की आणखी थोडा. दोन्ही उपाय फुकट आहेत.

पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल हे दुसरे कारण नेहमी पुढे केले जाते: शेतातून माल बाहेर काढायला खालच्या फेऱ्यांवर जोर हवा. जोर हवाच, पण पहिल्या गिअरमध्ये चाकांपाशी पोचणारा जोर ओल्या काळ्या मातीच्या पकडीपेक्षा आधीच जास्त असतो. त्यात आणखी ओढ ओतली तर मागची चाके जागीच फिरतात आणि गाडी धुऱ्यापर्यंत पोचायच्या आत हौद्यापर्यंत रुतते. तिथे कामाला येतात ते खोल नक्षीचे टायर, योग्य हवा, आणि परवडत असेल तर चारही चाकांना जोर देणारी गाडी.

या मुलखाची खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. पारा ४५ ला टेकला की हवा विरळ होते, आणि २० अंशांच्या हवेच्या तुलनेत तिच्यात सुमारे आठ टक्के प्राणवायू कमी भरतो. दाबल्यावर ती आणखी तापते. ४५ अंशांची हवा १.४ पट दाबली की ९० अंशांच्या जवळ जाते. अडीच पट दाबली की १७५ च्या पुढे. एकाच टर्बोने चौपट दाबायचा प्रयत्न केला तर तापमान २८० च्या आसपास पोचेल, जे ॲल्युमिनियमच्या पंख्याला फार काळ सोसत नाही. दोन टप्प्यांत मध्ये कूलर बसवून दाबली तर शेवटी १८० च्या जवळ राहते. दोन टप्प्यांच्या बाजूने हा खराखुरा मुद्दा आहे. पण तो चौपट दाब हवा असलेल्यांसाठी. १.४ पट दाबावर चालणाऱ्या गाडीला इंटरकूलर स्वच्छ ठेवणे हाच थंडाव्याचा मार्ग. इंटरकूलरची आणि रेडिएटरची जाळी एकमेकांजवळ असली तर जिनिंगच्या आवारातली रुई आणि रस्त्याची धूळ त्यांच्यात नमद्यासारखी बसते. बाहेरून जाळी ठीक दिसते, आत बोट घातले की थर लागतो. इंजिनाच्या बाजूकडून बेताच्या दाबाने हवा मारली तर तो सुटतो. समोरून जोराचे पाणी मारले की तो आणखी आत जातो आणि पाती वाकतात.

तरीही कोणी बाहेरून दुसरा टर्बो बसवायचे ठरवलेच, तर खर्च टर्बोच्या किमतीवर थांबत नाही. धुराचा मॅनिफोल्ड नवा बनवावा लागतो. दोन्ही टर्बोंना दाबाने तेल पोचवणारी आणि उताराने परत आणणारी वाट लागते. परतीची नळी सरळ खाली नसेल तर तेल तुंबून सीलमधून गळू लागते. बगलेची झडप आणि तिला हुकूम देणारी व्यवस्था लागते, नाहीतर दोन टर्बो एकमेकांशी भांडतात. हवा वाढवली म्हणून ताकद वाढत नाही, त्यासाठी डिझेलही वाढवावे लागते. पूर्वी टाटा २०७ सारख्या गाड्यांवर पंप वाढवून हे काम होत असे, आता ईसीयूची आज्ञावली बदलावी लागते, मोठे नोझल लागतात. डिझेल वाढले आणि हवा कमी पडली की काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट. टर्बोच्या आधीच्या धुराचे तापमान ७०० अंशांच्या बरेच वर सतत राहिले की पिस्टनचे डोके आणि टर्बोचे चाक दोन्ही धोक्यात येतात. भरल्या गाडीने लांब चढ चढताना हेच घडते. हे तापमान दाखवणारा काटा कारखान्याच्या गाडीत नसतो.

यानंतर साखळीतली पुढची कडी. २०० न्यूटन-मीटरसाठी बांधलेला क्लच ३०० वर घसरतो. तो भक्कम केला की गिअरबॉक्स, मग मागचा डिफरन्शिअल. हेड गॅस्केट, लायनर-पिस्टन, थंड पाण्याची व्यवस्था यांचीही तीच गत. ब्रेक मात्र कोणी बदलत नाही. जास्त पाटे घालून आणि जास्त ताकद भरून गाडी जास्त माल घेऊन धावू लागते, थांबायची वेळ आली की ती मूळचीच राहते. ज्या पिकअपमध्ये इंजिन चालकाच्या आसनाखाली असते, तिथे तर दुसरा टर्बो आणि त्याची उष्णता बसवायला जागाच नसते.

कायद्याची बाजू वेगळी बघावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेले सुटे भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर अडचण आणखी वाढली. धूर गाळणारी, तपासणारी आणि त्यावरून डिझेल ठरवणारी यंत्रणा एकमेकींत गुंतलेली आहे. मधे दुसरा टर्बो घुसवला की संवेदकांचे आकडे जुळत नाहीत, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटतो, आणि बऱ्याचदा ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो. कंपनीची वॉरंटी जाते, अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. एमएच-२९ ची, म्हणजे यवतमाळ नोंदणीची गाडी राज्याच्या सीमेवरून रोज ये-जा करत असेल, तर तपासणीत थांबवली जाण्याची शक्यताही रोजचीच.

म्हणून प्रत्यक्ष निवड अशी उतरते. कारखान्यातून दोन टर्बोंसह येणारे इंजिन असेल, त्याची सेवा जवळ मिळत असेल आणि गाडीला खरोखर महामार्गाचा वेग व मोठी ओढ दोन्ही हवी असतील, तर दोन टप्प्यांची मालिका जोडणी ही एकमेव पटणारी रचना आहे. तिच्या बगलेच्या झडपा, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि त्यांना चालवणारे ॲक्चुएटर हे तिचे कमकुवत दुवे. झडप अर्धवट अडकली की गाडी एका ठरावीक फेरीपर्यंतच नीट ओढते आणि मग अचानक मंदावते. जुनी गाडी घेताना चौथ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून वरपर्यंत नेले, तर दोन टर्बोंच्या हातबदलाच्या वेळी खड्डा जाणवतो का, हे लगेच कळते. या प्रकारच्या दुरुस्तीला निदानयंत्र लागते. ते पांढरकवड्यात मिळाले नाही तर नागपूर गाठावे लागेल, हा खर्च धरूनच भाव ठरवावा.

भारतीय बाजारात मालवाहू वर्गात अशी गाडी नाही. तिथे जास्त ओढ हवी असेल तर मोठे किंवा आधुनिक इंजिन असलेली, कारखान्यातूनच तेवढ्या ताकदीची गाडी घेणे सरळ. ७६ अश्वशक्तीच्या गाडीवर दोन टर्बो चढवण्यापेक्षा १०० अश्वशक्तीची योद्धा घेतली तर क्लच, गिअर, ब्रेक आणि कागदपत्रे सगळे एकाच वेळी जुळून येतात. खासगी वापरासह थोडा माल आणि चारही चाकांचा जोर हवा असेल तर व्ही-क्रॉस किंवा हायलक्सचा विचार होतो, मात्र त्यांच्या किमतीत मालाची वाहतूक परवडेल का, हा गणिताचा वेगळा भाग.

आणि आहे ती गाडीच ओढत नसेल, तर दुसऱ्या टर्बोआधी पहिल्याचे दार ठोठावावे. एअर फिल्टर धुळीने बुजलेला असतो. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजचा क्लॅम्प सैल असतो आणि त्या सांध्याभोवती तेलकट काळा डाग पडलेला असतो. तो डाग म्हणजे दाबलेली हवा तिथून निसटते आहे याची खूण. ॲक्चुएटरची बारीक नळी उंदराने कुरतडलेली किंवा उष्णतेने तडकलेली असते. इंजिन थंड असताना फिल्टरकडची नळी काढून पंख्याचा दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवा किंचित खेळ चालतो, पण पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पात्यांच्या कडा कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो काढून दुरुस्तीला द्यावा. त्याआधी तो का गेला हेही शोधावे. बहुतेक टर्बो वेळेवर न बदललेल्या तेलाने किंवा अर्धवट बुजलेल्या तेलवाहिनीने मरतात, आणि कारण तसेच ठेवून बसवलेला नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. भरल्या गाडीने लांब पल्ला ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर निष्क्रिय चालू ठेवले, की तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल करपत नाही.

यातले एकेक तपासल्यावरही गाडी मूळच्या ओढीवर येत नसेल, तर कम्प्रेशनची चाचणी आणि नोझलची तपासणी हा पुढचा टप्पा. तिथे दोष निघाला तर इंजिनाचे काम काढावे लागते, आणि त्या कामात टर्बोचा आकडा एकच राहतो.